धावडाटोल्याचे दहनशेड

जांभळीपार ग्रामपंचायतीचा शिपाई भोजराज कटरे याला गावकऱ्यांचे अंगठे त्यांच्या चेहऱ्यांइतकेच ओळखू येत. कोणाचा विळ्याने चिरलेला, कोणाचा बिडीने पिवळा पडलेला, कोणाचा म्हातारपणी रेघा पुसून गुळगुळीत झालेला. सकाळ-संध्याकाळ नळाचा व्हॉल्व्ह फिरवणे, दुपारी कार्यालय झाडणे, नोटिसा चिकटवणे ही त्याची दिसणारी कामे. खरे काम ग्रामसभा संपल्यावर सुरू होई. नोंदवही आणि शाईची डबी पिशवीत घालून तो सायकलने घरोघर जाई, माणसाचे मनगट धरी आणि त्याचा अंगठा आधी शाईवर, मग कागदावर टेकवी. ग्रामसभा कागदावर भरण्यासाठी ती प्रत्यक्षात भरावी लागत नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, कळले होते. त्या वेळी त्याला त्याचे नवल वाटले होते. पुढे नवल वाटेनासे झाले.

सालेकशाहून दरेकशाकडे जाताना रेल्वेमार्ग जंगलात शिरतो, त्याच्या थोडे अलीकडे जांभळीपार आहे. वस्ती पोवारांची, धान पिकवणारी. तिथून चार किलोमीटर आत, एक नाला ओलांडून, धावडाटोला हा पाडा. पस्तीस-छत्तीस घरे, सगळी गोंडांची. ग्रामपंचायत दोन्ही गावांची एकच. एकोणीसशे नव्व्याण्णव साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सरकार आता जवळ आले असे लोक म्हणाले. जवळ आले ते तक्ते. कोणत्या गावाला काय आहे आणि काय नाही, याचे रकाने पाडलेले तक्ते वर्षातून तीन-चारदा येऊ लागले.

दोन हजार पाच साली लक्ष्मीचंद बिसेन सरपंच झाला. तो दारू पीत नसे, कामात पैसे खात नसे, वयाने मोठ्या माणसाला, मग तो शिपाई का असेना, काका म्हणे. त्याच्याविषयी वाईट बोलण्यासारखे काही नव्हते, आणि या हकिकतीतली सर्वांत अप्रिय बाब हीच आहे. लबाड माणसाने हे सारे केले असते तर त्याला शिव्या देऊन मोकळे होता आले असते. लक्ष्मीचंदला आपली ग्रामपंचायत तालुक्यात पहिली आणायची होती. ‘एकही टोला सुविधांपासून वंचित नाही’ असा फलक त्याने वेशीवर लावण्याआधी मनात लावून ठेवला होता. तक्त्यातला प्रत्येक ‘नाही’ त्याला स्वतःच्या अंगावरल्या डागासारखा वाटे. धावडाटोल्यापुढे असे बरेच डाग होते. अंगणवाडीची इमारत नाही, नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, नाही, दहनशेड नाही. यांपैकी दहनशेडचा निधी त्या वर्षी हातात होता. म्हणून दहनशेड ठरले.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरात सरपंच, ग्रामसेवक ईश्वरदास आणि भोजराज असे तिघे संमती घ्यायला टोल्यात गेले. अंगणात खाटा टाकल्या, लोट्यातून पाणी आले. पंधरा-वीस माणसे समोर जमिनीवर बसली. बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्यात रुख्मा उईके होती. तिचा नवरा मरून तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती, आणि टोल्यात तिच्या शब्दाला वजन होते.

“पावसाळ्यात मयत झालं का किती हाल होतात,” लक्ष्मीचंद कळवळून बोलत होता. “लाकडं भिजतात, मानूस अर्धवट जळते. आता वरतं टिन, खालतं सिमेंटचा ओटा, मधात लोखंडाची जाळी. गोंदियाले हाय तसं.”

कोणी बोलले नाही. एका म्हाताऱ्याने बिडी पेटवली आणि ती पेटली की नाही हे बराच वेळ पाहत राहिला.

“काही तर बोला ना बाप्पा. चांगलं हाय का नाही?”

“तुमी म्हनता तर चांगलंच असन,” म्हातारा म्हणाला.

“देखो, हो गया,” ईश्वरदास म्हणाला आणि मांडीवरच्या वहीत त्याने लिहिले : सर्वानुमते मंजूर.

भोजराज पिशवी उघडून अंगठे घेऊ लागला. ती बिडी, ती शांतता, तो ‘असन’ यांचा अर्थ तिघांपैकी फक्त त्यालाच ठाऊक होता. वीस-बावीस वर्षे तो या टोल्यात येत होता. दारात आलेल्या, खाटेवर बसलेल्या, आपले पाणी प्यायलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर नाही म्हणायचे नाही, ही इथली रीत. नकार द्यायचा असेल तर गप्प राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी पाठवून कळवायचे. पोवारांच्या बैठकीत गप्प बसलेला माणूस कबूल आहे असे धरतात. ईश्वरदासने जे लिहिले ते त्याच्या समजुतीने खरेच लिहिले. भोजराजने तोंड उघडले असते तर एका वाक्यात ते खोटे ठरले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुख्मा चार किलोमीटर चालत कार्यालयात आली. आत भोजराज एकटाच होता.

“साहेब सालेकशाले गेले मीटिंगले,” तो म्हणाला. “का काम होतं, रुख्माबाई?”

“कालचं सांगाले आली. आमाले ते नाही पायजे.”

“काऊन? फुकटचं भेटून राहिलं.”

“आमी जाळत नाही गा. मातीत देतो. तुले मालूम नाही का?”

“मालूम हाय.”

“मंग काल काऊन नाही बोलला?”

“तुमी तरी कुठं बोलल्या?”

“आमच्या घरी बसले होते ते,” रुख्मा म्हणाली. “पानी पेले. घरी आलेल्या मानसाले तोंडावर नाही म्हनाचं का? तुमच्यात म्हनत असतीन.” मग जरा थांबून म्हणाली, “बांधाचंच असन त पोराईसाठी खोली बांधा. नाला भरला का अंगनवाडी बंद रायते. तेही होत नसन त काहीच नोको. पन ती जागा सोडा.”

भोजराजने सांगतो म्हटले, आणि संध्याकाळी त्याने सांगितलेही. ईश्वरदास वही बंद करत होता.

“लेखी हाय का?”

“त्या कुठं लिहितात, साहेब.”

“मग अर्ज घेऊन ये म्हना. प्रोसिडिंग लिख चुका हूँ. आता काय खोडाखोड करू?”

हा निरोप घेऊन पुन्हा चार किलोमीटर जाणे एवढेच भोजराजच्या वाट्याला होते. पण त्याच्या दीड एकरातला धान कापणीला आला होता. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणता म्हणता दिवाळी आली, दिवाळीनंतर मळणी. आपण विसरलो असे तो पुढे बायकोला सांगे. ते खरे नव्हते. न जाणे जेव्हा पुरेसे जुने झाले, तेव्हाच त्याने त्याला विसरणे हे नाव दिले.

ती जागा म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. टोल्याभोवतीची सारी जमीन मुरमाड. फक्त नाल्याच्या वळणावर अर्धा एकर मऊ माती आहे, आणि तिथेच टोल्याचे मृत आहेत. माणूस गेल्यावर दोन वर्षांनी, माघ महिन्यात, त्याच्या नावाचा दगड तिथे उभा करतात. तो दगड घरच्यांनी आणायचा नसतो, सोयऱ्यांनी आणायचा असतो. नवऱ्याचा दगड बायकोचे भाऊ, मुलाचा त्याचे मामा शोधतात, खांद्यावर वाहून आणतात, हळद-तेल लावून उभा करतात. दोन घरांमध्ये झालेले नाते मेलेल्याच्या डोक्याशी असे रोवले जाते. रुख्माच्या नवऱ्याचा दगड तिच्या भावांनी दरेकशाच्या पलीकडच्या डोंगरातून, पाळीपाळीने खांदा देत, दोन दिवस चालत आणला होता. गुडघ्याइतका उंच, निळसर, मधून पांढरी शीर गेलेला. असे पंचवीस-सव्वीस दगड तिथे उभे होते. सरकारी उताऱ्यावर या साऱ्याला एक शब्द होता, स्मशानभूमी.

दोन हजार आठच्या मे महिन्यात काम निघाले. त्या साली तेंदूपत्त्याची फडी, म्हणजे पाने गोळा करायचे ठिकाण, जंगलाच्या दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडच्या हद्दीजवळ लागली होती. टोल्यातली धडधाकट माणसे आठ-दहा दिवसांसाठी तिकडेच राहायला गेली होती. कुडव्याहून मोटरसायकलवर येणारा तरुण अभियंता उमेंद्र याने चुन्याने आखणी केली. टेपचे दुसरे टोक भोजराजने धरले होते. टेप दगडांच्या रांगेवरून गेली.

“इतके सारे पत्थर? ये क्या है?” उमेंद्रने विचारले.

“मयताचे हायेत साहेब. गोंडाईचे.”

“उताऱ्यावर काय आहे?”

“स्मशानभूमी.”

“मग झालं तर. स्मशानात स्मशानशेडच होणार ना काका, सिनेमा हॉल थोडा होणार.” तो हसला, पण उद्धटपणे नव्हे. मिस्त्री छोटेलालला त्याने बजावले, “दगड व्यवस्थित बाजूला ठेवा,” आणि मोटरसायकलला किक मारली.

पायाभरणीच्या दगडांचा ट्रॅक्टर नाल्याच्या वाळूत रुतून बसला होता. ते भोजराजला तिथून दिसत होते. छोटेलाल कंत्राटावर काम करतो, रोजीवर नाही, हेही त्याला माहीत होते. ट्रॅक्टर निघाला नाही तर मिस्त्रीची नजर कुठे जाईल, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. चार वाजता तो म्हणाला, नळ सोडायला जायचे आहे. व्हॉल्व्ह फिरवायला गावात दुसरा कोणीही चालला असता. तो सायकलवर बसला आणि निघाला. मागे वळून पाहिले नाही, हे त्याने स्वतःशी पुढे कबूल केले, कारण वळून पाहिले असते तर थांबावे लागले असते.

तिसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा पाया भरून वर रेती पसरली होती. रांगा नव्हत्या. छोटेलाल ड्रममधल्या पाण्याने पाय धूत होता.

“दगड कुठं गेले?”

“खालतं.”

“कोन सांगतलं तुले?”

“सांगाले कोन पायजे? ट्रॅक्टर नाल्यात फसला. दगड इथं पडून होते. मोठे होते ते घनानं फोडले.” छोटेलालने पाय झटकले. “तुमी त होतेत ना काका परवा. काही बोलले नाही. मले वाटलं चालते.”

भोजराज नाल्याकाठी जाऊन बसला. ऊन लागले असे त्याने छोटेलालला सांगितले. छोटेलालने त्याला गूळ खायला दिला.

फडीवरून परतलेल्या माणसांनी तो ओटा पाहिला. आरडाओरडा झाला नाही. रुख्माने एकदाच विचारले, “भोजराज, दगड कुठं ठेवले?” त्यावर तो म्हणाला, “साहेबाईनं कुठंतरी नेऊन ठेवले. पाहतो मी.” तिने पुन्हा विचारले नाही.

उद्घाटन थाटात झाले. नारळ फुटला, फीत कापली गेली, एका कोनशिलेवर सात नावे आली आणि त्यांत टोल्यातले एकही नव्हते. वर्षभराने तालुक्याच्या स्पर्धेची तपासणी समिती आली. ओटा आरशासारखा स्वच्छ पाहून समितीतल्या एका साहेबाने विचारले, “राख वगैरे काही दिसत नाही?” लक्ष्मीचंद म्हणाला, “साहेब, सुदैवाने अजून कोणी मेलं नाही.” सगळे हसले. मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या भोजराजला माहीत होते की त्या वर्षात टोल्यात तीन माणसे मेली होती. ओट्यामागे उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांना कसेबसे मातीत दिले होते. जांभळीपारला दुसरा क्रमांक मिळाला. वेशीवर फलक लागला. अंगणवाडीची पोरे पावसाळ्यात पूर्वीसारखीच घरी बसत होती.

शेडचा उपयोग मात्र होत होता. सावली चांगली पडे. ग्रामसभेची वही घेऊन भोजराज टोल्यात जाई तेव्हा त्याच ओट्यावर बसून अंगठे घेई.

चार वर्षे गेली. मधल्या निवडणुकीत लक्ष्मीचंद पुन्हा सरपंच झाला. दोन हजार बाराच्या जानेवारीत, भोजराजच्या निवृत्तीला पाच महिने उरले असताना, रुख्मा त्याच्या घरी आली. त्याची बायको सावित्रीबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने रुख्माला पाट दिला. रुख्मा त्यावर बसली नाही.

“माझा थोरला गेला त्याले दोन सालं झाली,” ती भोजराजला म्हणाली. “माघात माझे भाऊ येऊन राहिले, त्याचा दगड घेऊन. बापाच्या बाजूले लावतीन. त्याईनं विचारलं का बापाचा दगड कुठं हाय, त मी का सांगू? तुमी खांद्यावर आनलेला दगड मी हरवला म्हनू?”

भोजराजने रिकामा पाट बाजूला सरकवला.

“मले बाकी काही नाही पायजे. माझ्या बुढ्याचा दगड दे.”

“ओट्याच्या खालतं हाय,” भोजराज म्हणाला.

सुपाचा आवाज थांबला.

“तुले कवापासून मालूम हाय?”

“पहिल्यापासून.”

रुख्माने शिवी दिली असती तर त्याला बरे वाटले असते.

“तुमा पोवाराईचे बुढे मालव्यातून आले म्हनतात,” ती म्हणाली. “त्याईचे मेलेले तिकडं राहिले. त्याच्यानं तुमाले वाटत असन, मेलेले म्हनजे मागं सोडून याचे असतात. आमचे इथंच हायेत गा, भोजराज. तू चार सालं त्याईच्या छातीवर बसून आमचे अंगठे घेतले.”

ती गेल्यावर सावित्रीबाई म्हणाली, “खरं हाय का हे?” आणि त्याने मान हलवली तेव्हा तिने सूप भिंतीला टेकवून ठेवले आणि आत गेली. त्या दिवशी तिने त्याला वाढले, पण जवळ बसली नाही.

दुसऱ्या दिवशी भोजराजने कार्यालयात सगळे सांगितले. अठ्ठावीस वर्षांत सरपंचापुढे तो पहिल्यांदा न विचारता बोलत होता, म्हणून लक्ष्मीचंदने लक्षपूर्वक ऐकले. ऐकून त्याला खरोखर वाईट वाटले. डोळ्यांत पाणी येईल असा त्याचा चेहरा झाला.

“अरेरे. काका, तवाच सांगाचं ना.”

“एक कोपरा फोडू द्या. मिस्त्रीले मालूम हाय मोठे दगड कुठं भरले ते. काढू, मंग बुजवून देऊ.”

“फोडू द्या म्हनजे?” ईश्वरदास म्हणाला. “मूल्यांकन झालं, पूर्णत्वाचा दाखला गेला. शासकीय मालमत्ता हाय ती. फोडाची त ठराव पायजे, ठरावाले कारन पायजे. का लिहू? के नीचे मुर्दों के पत्थर हैं?”

“तेच लिहा. खरं तेच हाय.”

“खरं असन गा. पन ज्या कामाले बक्षीस भेटलं त्याच्या खालतं हे निघालं, त हसं कोनाचं होईन?”

लक्ष्मीचंदचा चेहरा मध्येच उजळला. “काका, दुसरा उपाय काढू. आपन त्याईले नवीन दगड देऊ. ग्रॅनाईटचा. गोंदियावरून आनू. सगळ्या मयताईचे नावं कोरू त्याच्यावर, सोनेरी अक्षरात. खालतं लिहू, ग्रामपंचायतीकडून सादर. आहे ना चांगलं? जुन्या अनगड दगडापेक्षा लाखपट चांगलं.”

भोजराज त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्या चेहऱ्यावर कपट शोधून सापडत नव्हते. होता तो निव्वळ उपकार करण्याचा आनंद, आणि आपण ज्याच्यावर उपकार करतो तो कोण आहे हे जाणून घेण्याची गरजच न भासणारी, साबणाने धुतल्यासारखी स्वच्छ शांती. या माणसापुढे आपण इतकी वर्षे पिशवी धरून उभे राहिलो, या विचाराने भोजराजला स्वतःच्या अंगाचा वास आल्यासारखे झाले. कारण लक्ष्मीचंदला माहीत नव्हते. भोजराजला स्वतःला माहीत होते.

“नाव कोराले त्याईचे नावं विचारा लागतीन,” तो म्हणाला. “विचाराले कोन जाईन? मीच ना?”

लक्ष्मीचंदला यातला टोमणा कळला नाही. “हो, तुमीच जा,” तो म्हणाला.

माघ लागला. रुख्माचे भाऊ यायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, भोजराज सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, सायकलला बांधून टोल्यात गेला. छोटेलालला त्याने सालेकशाहून बोलावून घेतले होते. मिस्त्री कटकट करत आला, पण आला.

“दक्षिनेकडला कोपरा,” तो म्हणाला. “मोठे तिकडंच घातले. पन काका, मी हात नाही लावत. माझं नाव येईन.”

“तू कोपरा दाखव. बाकी माझं हाय.”

साठीच्या माणसाची सब्बल सिमेंटवर पडू लागली. तासाभरात कोपऱ्याचा गिलावा निघाला, दुपारपर्यंत वीट निघाली. टोल्यातली माणसे येऊन उभी राहिली, कोणी मदत केली नाही, कोणी थांबवले नाही. रेती हाताने उपसताना पहिला तुकडा लागला, मग दुसरा. तिसरा निळसर होता आणि त्यात पांढरी शीर होती. भोजराजने तो वर काढला. तो अर्धाच होता. उरलेला अर्धा वीतभर अंतरावर सापडला. घनाचा घाव मधोमध बसला होता.

रुख्मा पुढे आली. तिने दोन्ही तुकड्यांवरून हात फिरवला. “हाच हाय,” एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोयरे आले. सहा माणसे, खांद्यावर हळद लावलेला नवा दगड. पुढे रुख्माचा थोरला भाऊ, ऐंशीच्या घरातला, काठी टेकत. त्याने ते दोन तुकडे पाहिले आणि बहिणीकडे पाहिले. रुख्माने तोंड उघडण्याआधी भोजराज पुढे झाला. आखणीच्या वेळी टेप कोणी धरली, कोण निघून गेले, कोणी खोटे सांगितले, हे सारे त्याने क्रमाने सांगितले. सांगताना कुठेही ‘आमी’ म्हटले नाही, ‘मी’ म्हटले. रुख्माचा यात काही दोष नाही, हे शेवटी सांगितले.

म्हाताऱ्याने ऐकून घेतले. मग काठीने ओट्याकडे दाखवले.

“बाकीच्याईचे?”

“खालतंच हायेत. मी फक्त हा एकच...”

“एकाचा दगड वरतं आन बाकीचे खालतं, असं कसं होईन?” म्हातारा म्हणाला. “आमाले आमचा घेऊन उभं राहाची लाज वाटन.”

त्याने मागे पाहून गोंडीत काही सांगितले. सोयऱ्यांनी नवा दगड सावलीत आडवा ठेवला. टोल्यातली माणसे घरांकडे गेली आणि सब्बला, कुदळी, फावडी घेऊन परतली. ज्या घराचा मृत त्या घराने ओट्याला हात लावला नाही, प्रत्येकासाठी त्याचा सोयरा उभा राहिला. टोल्यात आपसांत सोयरिकी होत्याच, कोणी ना कोणी निघत होता. भोजराजने सब्बल उचलली तेव्हा रुख्माच्या धाकट्या भावाने ती त्याच्या हातातून शांतपणे काढून घेतली.

“तुमी कोनाचे सोयरे?” तो म्हणाला. “बसा तिकडं.”

भोजराज मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला. ओटा उकरला जात होता, आणि जो आवाज तो चार वर्षे मनात टाळत आला होता, तो त्याला संध्याकाळपर्यंत ऐकावा लागला. सात दगड अखंड निघाले. बाकीचे तुकडे. काही तुकड्यांचे मालक ओळखू आले, काहींचे नाही. जे ओळखू आले नाहीत ते सगळे एका जागी रचून ठेवले गेले. रुख्माच्या नवऱ्याचे दोन अर्धे जोडून उभे केले. पुढच्या माघात नवा आणू, असे भाऊ म्हणाला. शेजारी थोरल्या मुलाचा दगड रोवला गेला. मधोमध शेडचे चार खांब आणि वरचे टिन तसेच होते, लोखंडी जाळी कलंडून पडली होती.

लक्ष्मीचंद तिन्हीसांजेला आला.

“काका, याईले एवढी सुविधा करून देली आन...” तो म्हणाला. “कोनाचं का बिघडवलं होतं मी?”

या माणसाला काही समजावून सांगावे ही इच्छाच भोजराजमध्ये उरली नव्हती.

चार दिवसांनी नोटीस आली. शासकीय मालमत्तेचे नुकसान, लेखी खुलासा करावा. ईश्वरदासने त्याला बाजूला घेतले. त्याचा सूर मित्रत्वाचा होता.

“पाच महिने राहिले तुझे. लिहून टाक, टोल्यावाल्यांनी फोडला. जमाव होता, मी अडवलं, ऐकलं नाही. दस-बारा नाम लिख देना. पोलिसात देऊ, पुढं काही होत नाही. तू मोकळा.”

“त्याईचे नावं तुमाले पायजेत.”

“तुलेच त मालूम हायेत सगळ्याईचे.”

भोजराजने कागद मागून घेतला. त्याचे अक्षर सातवी पास माणसाचे, मोठे आणि तिरके. त्याने लिहिले की ओटा फोडण्याचे काम त्याने स्वतः सुरू केले, पहिला घाव त्याचा आहे आणि त्यानंतरच्या सर्व घावांची जबाबदारी त्याची आहे. खाली त्याने दुसरा परिच्छेद लिहिला. दोन हजार सात साली धावडाटोल्याने या कामाला नकार दिला होता. रुख्मा उईके तो सांगायला कार्यालयात आल्या होत्या. तो नकार नोंदवला गेला नाही. ‘सर्वानुमते’ हे खोटे आहे. त्यावर त्याने सही केली.

ईश्वरदासने दोन्ही परिच्छेद वाचले. पहिला ठेवून दुसऱ्यापाशी कागद दुमडला.

“हे नाही चालत. याची कुठं नोंद नाही.”

“म्हनून त लिहिलं,” भोजराज म्हणाला.

त्याला निलंबित केले. निवृत्तीचा निरोप समारंभ झाला नाही, आणि त्याने त्याची वाट पाहिलीही नव्हती. सावित्रीबाई पुन्हा त्याच्याजवळ बसून जेवू लागली, पण त्या विषयावर ती कधी बोलली नाही. आपण काही भरून काढले असे भोजराजला वाटले नाही. एकोणीस दगड फुटायचे ते फुटलेच होते. एक खरा कागद त्यांना सांधू शकत नव्हता. पंचायतीची किळस तर त्याला येतच राहिली. पण सकाळी आरशासमोर दाढी करताना जी येई, ती वेगळी होती.

रुख्मा त्याच श्रावणात गेली. नवऱ्याच्या दोन अर्ध्यांशेजारी, जिथे दहनशेडचा ओटा होता तिथे, तिला मातीत दिले. रेती भरलेली असल्याने खड्डा लवकर खणला गेला. भोजराजला हे आठ दिवसांनी सालेकशाच्या बाजारात, मीठ घेताना, टोल्यातल्या एका माणसाकडून कळले. त्याला आधी कळवावे असे कोणाच्या मनात आले नव्हते. बरोबरच होते, तो कोणाचा सोयरा नव्हता.